सोरानीच्या तीन फेऱ्या

तो मेंढा वाटेच्या मधोमध बसला नसता, तर बाद्री माझ्यापुढे निघून गेला असता आणि मी आज सुखात असते. किंवा नसतेही… कोण जाणे! पण मेंढा बसला. सोरानीच्या चढणीवर, शेवटच्या वळणाखाली, जिथे दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, नेमका तिथेच. संत गिओर्गीचा सण होता. मे महिना असूनही वर बर्फाचे तुकडे शिल्लक होते आणि धुकं असं, की पुढच्याची पाठ दिसेना. वरून झिमझिम. मी बूट हातात घेऊन अनवाणी चढत होते. माझ्यामागे सगळी यात्रा तुंबली होती आणि पुढे एक उंच माणूस दोरी ओढत मेंढ्याशी हळू आवाजात वाद घालत होता.

"ऊठ रे… थोडंच राहिलंय. सगळे बघतायत. जरा लाज बाळग."

मला राहवेना. "वर त्याचं काय होणार आहे, ते कळलं असेल त्याला."

त्याने वळून पाहिलं. भुवयांवर धुक्याचे थेंब साचले होते. "मी तर त्याला काही बोललो नाही."

"मग तुमच्या तोंडावर दिसलं असेल."

"काय दिसतं माझ्या तोंडावर?"

"हेच, की दोघांत शहाणा मेंढा आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे बाबा, मेंढ्याला उचल नाहीतर पोरीला उचल, पण वाट सोड!" सगळी चढण हसली. तो कानांपर्यंत लाल झाला. मग खरंच वाकला, मेंढा खांद्यावर घेतला आणि चालू लागला.

"बरं केलंत," मी मागून म्हटलं. "मी जास्त जड आहे."

"ते मी ठरवेन," तो पुढे बघत म्हणाला. "आज खांदा रिकामा नाही, एवढंच."

सोरानीचं चर्च काही मोठं नाही. आमच्या दरीतल्या जुन्या राजांनी ते का कोण जाणे थेट डोंगराच्या माथ्यावर बांधलं. दगड काळे पडलेत. आत भिंतीवरचे संत काजळीने झाकलेत आणि ज्यांचे चेहरे दिसतात, त्यांचे डोळे कोणत्या तरी शत्रूने कधीतरी खरवडून टाकलेत. आत गेलं की मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास येतो. लहानपणापासून मला तिथे थोडी भीतीच वाटते. माझ्या आईला वाटायची नाही. ती दाराच्या दगडाला गाल लावून संताशी शेजारणीसारखी बोलायची.

त्या दिवशी मी दगडाचं चुंबन घेऊन बाहेर आले, तेव्हा एक जोडपं चर्चला फेऱ्या घालत होतं. सोरानीची रीतच आहे ती. सणाच्या दिवशी एकच मेणबत्ती विझू न देता दोघांनी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या, की त्यांचं ठरलं. मग ना मध्यस्थ लागतो, ना बापाला विचारावं लागतं, सगळी दरी साक्षीला असते. मेंढेवाला कधी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कळलंही नाही.

"वारा आला तर?" त्याने विचारलं.

"हाताचा आडोसा करायचा."

"दोघांपैकी कोणी?"

"ज्याला जास्त गरज असेल त्यानं."

तो बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत होता… आणि मी त्याच्याकडे. मग म्हणाला, "माझं नाव बाद्री." जणू मी विचारलंच होतं!

"मी दारो. घाटरस्त्यावर, पुलापाशी आमची बेकरी आहे."

हे मी का सांगितलं? त्याने कुठे विचारलं होतं?

*

बाद्री घाटात बर्फ काढायचं यंत्र चालवायचा. पलीकडच्या दरीतला माणूस, घरी एकटी आई. पहिला बर्फ पडला तसा तो आमच्या खिडकीशी येऊ लागला. वडील पीठ मळायचे, मी मातीच्या भट्टीत कंबरेपर्यंत वाकून आतल्या गरम भिंतीला शोतीच्या लांबट रोट्या चिकटवायचे. वर येईपर्यंत तोंड लालबुंद झालेलं असायचं आणि नेमका तेव्हाच तो खिडकीत उभा असायचा.

"चार दे."

"चार? कोण खातं एवढ्या?"

"दोन मी. दोन यंत्र."

"यंत्र शोती खातं?"

"गरम असली तर. शिळी दिली की घाटात बंद पडतं."

"मेंढ्यासारखं."

"मेंढ्याचं नाव काढू नकोस. त्याच्यामुळे माझं बरंच काही झालंय."

रोज हेच चालायचं. एकदा भट्टीत लाकूड ओलं होतं, शोती भाजायला फार वेळ लागला, तरी तो थंडीत कुडकुडत उभाच. मी म्हटलं, "अरे, एक तयार आहे. ती घे आणि जा. मरशील गारठून."

तो हातमोज्यांकडे बघत म्हणाला, "एक घेतली, तर लगेच निघावं लागतं, दारो."

मी भट्टीत वाकले. खूप वेळ वाकून राहिले. वडिलांनी विचारलं, आत काही पडलंय का?

घरात मात्र हसायचे दिवस नव्हते. माझी मोठी बहीण नेस्तान दिवस गेलेले असताना आमच्याकडे राहायला आली होती, नवरा पोलंडला कामाला. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा गेला होता, नाव ठेवायच्या आधीच. त्याच्या बाप्तिस्म्याला बाळ हाती घेणारा धर्मपिता म्हणून ज्याला बोलावलं होतं, तो म्हणाला, हा रविवार जमत नाही, पुढच्या रविवारी येतो. पुढचा रविवार त्या बाळाने पाहिलाच नाही. त्याच्या थडग्यावर नाव नाही. बाप्तिस्म्याशिवाय नाव कसं घालणार? नेस्तान त्याबद्दल कधी बोलत नसे. फक्त रविवारी कोणाकडे जात नसे.

दुसरं बाळ जानेवारीत जन्मलं, तेही मुलगाच. नाजूक. पंधरवड्यातच त्याने दूध तोडलं, ओठ निळे पडले. बाहेर भर दुपारी काळोख दाटलेला आणि रस्ता बर्फाखाली बंद. वडिलांनी गाडी काढली खरी, पण पुलाच्या पुढे जाता येईना. मी बर्फातून धावत घाटातल्या चौकीपर्यंत गेले. बाद्रीने काही विचारलं नाही. त्याने यंत्र वळवलं आणि आमच्या गाडीपुढे लागला. शहरातल्या इस्पितळापर्यंत तो पुढे बर्फ कापत होता आणि आम्ही त्याच्या लाल दिव्यामागे चाललो होतो. मागच्या सीटवर नेस्तान बाळाला छातीशी धरून एकच वाक्य बोलत होती, "थांबू नको म्हणावं त्याला… थांबू नको…"

तो थांबला नाही. बाळ वाचलं.

मी बाद्रीवर प्रेम करते, हे मला त्या दिवशी कळलं. आधी नुसती मजा होती. त्या दिवशी तो इस्पितळाच्या पायरीवर बसला होता, हातमोजे काढून हात एकमेकांवर चोळत होता आणि मला बघून म्हणाला, "रडू नकोस. तू रडलीस तर मला चालवता येणार नाही परत." मला त्याचे ते हात धरायचे होते. धरले नाहीत. आजूबाजूला माणसं होती.

नेस्तानने तिथेच नवस केला, की बाळाचा बाप्तिस्मा संत गिओर्गीच्या सणाला, सोरानीवरच. तोपर्यंत घरात कोणी त्याचं नाव उच्चारायचं नाही.

आणि एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना, बाद्री खिडकीशी आला. चार शोती घेतल्या. गेला नाही.

"सणाला… सोरानीला… मेंढा आणू का?"

आमच्याकडे हे म्हणजे फेऱ्या घालू या का असं विचारणं, ते कुठल्याही मुलीला कळतं. माझ्या हाताचं पीठ तसंच सुकत होतं.

"आणि बसला वाटेत तर?"

"या वेळी तू ओढ."

"बरं," मी म्हटलं. एवढंच! वर्षभर चुरुचुरु चालणारी माझी जीभ ऐन वेळी एका शब्दावर आटोपली. तो मात्र दुकानातल्या सगळ्या शोती जिंकल्यासारखा हसत गेला.

घरी मी कोणाला सांगितलं नाही. नेस्तान रात्ररात्र बाळाचा श्वास मोजत बसायची. तिच्यापुढे आपल्या सुखाची गोष्ट काढायची तरी कशी? वाटलं, एवढा सण होऊ दे. आधी बाळाचा बाप्तिस्मा होईल, मग आमच्या फेऱ्या. सगळ्यांना एकदमच कळेल. रोज भट्टी पेटवताना मी संताला म्हणायचे, हा माणूस कायमचा आमच्या घरचा होऊ दे. आमच्या दारी यायला त्याला शोतीचं निमित्त लागू नये. वडिलांनी त्याला उजव्या हाताला बसवावं.

शब्द नीट जुळवून मागितलं होतं मी.

*

यंदाचा सण मागच्यापेक्षा वाईट. पाऊस, धुकं, त्यात पहाटे शहराच्या बाजूला दरड कोसळलेली. यात्रा निम्मीसुद्धा नव्हती. गुडघ्यांमुळे वडील खालीच राहिले, बाप्तिस्म्याच्या जेवणाच्या पातेल्यापाशी. मी पुन्हा अनवाणी चढले. नेस्तान बाळाला शालीत गुंडाळून माझ्यापुढे. बाळ खोकत होतं. अगदी बारीक खोकला, पण त्या खोकल्यासरशी नेस्तानची पाठ दर वेळी ताठ व्हायची.

बाद्री वर आधीच पोचला होता. चर्चच्या दाराशी, नवा पांढरा सदरा घालून, हातात एक मेणबत्ती घेऊन. मेंढा शेजारी मुकाट उभा. मी जवळून जाताना तो ओठ न हलवता पुटपुटला, "एकदाही बसला नाही."

"तुला घाबरला असेल."

"मीच घाबरलोय. मेंढा मजेत आहे."

मला हसू आलं. त्या दिवसाचं तेवढंच.

आत धर्मगुरू मामाओ सेराफिमे तयार होते. बाप्तिस्म्याच्या कुंडातलं पाणी कोमट केलं होतं. तेवढ्यात नेस्तानचा फोन वाजला. गोचाचा होता. या वेळी धर्मपिता होणार होता तो, तिच्या नवऱ्याचा मित्र, शहरातून निघालेला. नेस्तान ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"दरडीपलीकडे अडकलाय," ती म्हणाली. "म्हणतोय… पुढच्या रविवारी करू या का?"

 बाळ खोकलं.

मामाओ हळूच म्हणाले, "पोरी, दुसरं कोणी आहे का? सगळे आपल्या घराण्यातलेच दिसतायत, त्यांचा उपयोग नाही. बाहेरचा कोणी…"

नेस्तानने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. ती कोणाकडे पाहतेय हे मला तिच्या आधी कळलं.  ती बाळाला घेऊन सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हीच त्या दिवशी रस्ता उघडलात," ती म्हणाली. "तुम्ही नसतात तर हा आज नसता. याचे धर्मपिता व्हा. देवाच्या नावानं मागते."

आमच्या दरीत धर्मपिता होणं म्हणजे रक्ताचं नातं, रक्ताहून घट्ट. ते एका बाळापुरतं राहत नाही, दोन्ही घरं एक होतात. त्याची आई ती माझी आई, त्याची भावंडं ती माझी. त्या दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या लग्न होत नाही. नुसती कल्पना केली तरी लोक कानावर हात ठेवतात. आणि देवाच्या नावानं मागितलेलं धर्मपितेपण जो नाकारतो, तो बाळाला देवाच्या दारातून परत पाठवतो, असं मानतात.

बाद्रीने नेस्तानकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. विचारत होता. मी एक शब्द बोलले असते… 'नेस्तान, थांब, हा माझा…' एवढंच, तरी त्याने बाळ घेतलं नसतं. नेस्तानही समजली असती. समजून गप्प बसली असती. आणि बाळाला घेऊन तो डोंगर उतरली असती, दुसऱ्यांदा नकार घेऊन, दुसऱ्यांदा रविवारची वाट बघत.

मला तिचा तो जुना चेहरा आठवला. बिननावाच्या थडग्यापुढचा.

"घे त्याला, बाद्री," मी म्हटलं.

"दारो…"

"घे. तुझे हात गरम आहेत."

त्याने हातातली मेणबत्ती कोणाला द्यावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याच हातात दिली. तीच, आमच्यासाठी आणलेली. आणि बाळ घेतलं.

मामाओंनी विचारलं, नाव काय? नेस्तानने श्वास घेतला आणि पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं, "तोर्निके." तिच्या बाळाला कोणी नावाने हाक मारण्याची ती पहिली वेळ. मी रडत होते, पण सगळेच रडत होते, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

मग कुंडाभोवती फेऱ्या. पुढे मामाओ, मागे बाळाला घेतलेला बाद्री, आणि त्याच्या मागे मेणबत्ती धरून मावशी, म्हणजे मी. तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला उघड्या दारातून वारा आत शिरला आणि ज्योत आडवी झाली. बाद्री वळला. त्याचे दोन्ही हात बाळाखाली अडकलेले होते. त्याने नुसतं ज्योतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी हाताचा आडोसा केला. तळहात भाजला, तरी काढला नाही. तिसरी फेरी पुरी झाली.

*

उतरताना पाऊस वाढला. तोर्निके बाद्रीच्या कोटाच्या आत झोपला होता आणि खोकत नव्हता. नेस्तान पुढे धावत होती, वडिलांना कधी सांगते असं तिला झालं होतं. किती दिवसांनी ती धावली! आम्ही मागे राहिलो. मागच्या वर्षी मेंढा बसला होता त्या वळणावर बाद्री थांबला.

"राजधानीत, तिबिलीसीत, हे असलं कोणी मानत नाही म्हणे," तो म्हणाला. "तिथे जाऊ. मला कुठेही काम मिळेल."

"मिळेल."

"मग चल ना."

"आणि याला पुढच्या वेळी ताप आला, की नेस्तान काय म्हणेल? तोंडाने काही म्हणणार नाही ती. पण मनात?"

"ताप काय, सगळ्या मुलांना येतो, दारो!"

"म्हणूनच."

त्याने बाळाच्या डोक्यावरून कोट सारखा केला. खूप वेळ सारखा करत राहिला. "तू नाही म्हणाली असतीस, तर मी नाही म्हणणार होतो. देव गेला खड्ड्यात."

"माहीत आहे."

"मग 'नाही' का म्हणाली नाहीस?"

मी बूट दुसऱ्या हातात घेतले. तेवढ्यात खालून नेस्तानची हाक आली, "दारो! भावाला घेऊन लवकर ये, भिजेल तो!"

भाऊ. ती बाळाबद्दल बोलत नव्हती.

बाद्री पुढे झाला. दोन पावलांवर जाऊन, मागे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "जपून ये, ताई. इथे घसरतं." तो माझ्याहून चांगला सहा वर्षांनी मोठा. मी खाली बसून बूट घातले. 

*

सोरानीच्या संताशी मी आता बोलत नाही. तक्रार काय करणार? मी मागितलं ते सगळं त्याने दिलं. बाद्री आमच्या घरचा आहे, कायमचा. रविवारी येतो, सणासुदीला येतो, तोर्निकेला दात आला तरी येतो. वडील त्याला उजव्या हाताला बसवतात आणि त्याच्या नावाने दारू भरलेलं शिंग उचलून पितात. दाराशी यायला त्याला कसलं निमित्त लागत नाही. तोर्निके गुटगुटीत झालाय. धर्मपित्याच्या मांडीवर बसून त्याची दाढी ओढतो. नेस्तान रविवारी शेजारणींकडे जाते, हसते. ती हसली की मला वाटतं, बरं केलं आपण. आणि तेवढ्यात तोर्निके बाद्रीच्या गळ्यात पडतो आणि मला काही बरं वाटेनासं होतं.

परवा पहिला बर्फ पडला. यंत्राचा आवाज पुलाशी थांबला. बाद्री खिडकीत आला, भुवयांवर बर्फ. मी सवयीने चार शोती काढल्या, गरम, आणि खिडकीच्या फळीवर मांडल्या.

त्याने चारांकडे पाहिलं. मग एक उचलली, मान लववली आणि लगेच निघाला.